भूक मेलेलें मूल

मुंबईच्या हार्बर मार्गावर चेंबूर आणि मानखुर्द यांच्या मध्यें गोवंडी हें स्थानक लागतें. स्थानकाजवळच, देवनारच्या बाजूस, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचें काम पाहिलें, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतील मुलांचीं वजनें व उंची यांचा हिशेब तेथें जुळविला गेला. त्याच गोवंडीच्या दुसऱ्या टोकाला शिवाजीनगर, बैंगनवाडी व रफीकनगर या वस्त्या आहेत, आणि त्यांच्या पाठीशीं १९२७ पासून रचत गेलेला देवनारचा कचऱ्याचा डोंगर आहे. देशांतील भुकेचा जमाखर्च जेथें मांडला गेला, तेथून ती भूक प्रत्यक्ष पाहावयाची असल्यास पायीं चालत जातां येतें.

२०१९-२१ च्या पाहणींत पांच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकीं वयाच्या मानानें खुजीं राहिलेलीं मुलें देशांत ३५.५ व महाराष्ट्रांत ३५.२ आढळलीं. येथवर महाराष्ट्र इतरांसारखाच. परंतु उंचीच्या मानानें वाळलेलीं, म्हणजे अंगावरचें मांस झडलेलीं मुलें देशांत शेंकडा १९.३ असतां महाराष्ट्रांत तीं २५.६ निघालीं. खुजेपण हें जुन्या उपासमारीचें चिन्ह होय. वाळणें हें चालू उपासमारीचें. संपन्न म्हणविणाऱ्या राज्यानें या दुसऱ्या आंकड्यापुढें क्षणभर थांबावें हें बरें. मुंबईपुरतें बोलावयाचें तर २००९ सालच्या मानव विकास अहवालांत शहराच्या सर्व विभागांमध्यें गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग अगदीं तळाशीं होता. त्याचा निर्देशांक अवघा ०.०५ भरला होता.

सुशिक्षित घरांतून या प्रश्नाकडे पाहण्याची एक ठराविक रीत आहे. मूल भुकेलें आहे ना, मग त्याला पोटभर जेवूं घाला. एवढ्यावर विचार संपतो. यांत दया आहे, पण ज्ञान नाहीं. जें मूल खरोखर खंगलें आहे तें अन्न मागत नाहीं. तें फारसें रडतहि नाहीं. कोपऱ्यांत बसून राहतें, खेळण्याकडे पाहत नाहीं, आणि वाटी पुढें आली कीं मान फिरवितें. आई सांगते, "याला भूकच नाहीं हो, हा खातच नाहीं." ऐकणारा मनांत म्हणतो, बाई हयगय करीत असेल. वस्तुतः ती अक्षरशः खरें बोलत असते. त्या मुलाची भूक मेलेली असते, आणि ही मेलेली भूक हेंच त्या दुखण्यांतील सर्वांत भयंकर लक्षण होय.

भूक मरते कशी, हें समजण्यास अन्नाचे घटक थोडेसे आठवावे लागतात. शाळेच्या पुस्तकांत ते एका ओळींत दिलेले असतात: पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, प्रथिनें, जीवनसत्त्वें, क्षार आणि पाणी. मुलें ती ओळ पाठ करतात, परीक्षेंत लिहितात व विसरतात. त्या घटकांची खरी किंमत ते मिळेनासे झाल्यावर कळते. पिष्ट व साखर हें रोजचें सरपण. त्याचा यकृतांतला सांठा मोठ्या माणसाला दिवसभर जेमतेम पुरतो, तान्ह्या मुलाला तर कांहीं तासच. मग चरबी जळूं लागते. चरबीहि सरत आली कीं शरीर स्वतःच्याच स्नायूंतील प्रथिन मोडून वापरूं लागतें. चूल पेटती ठेवण्यासाठीं घराचे वासे काढून जाळावे, तसा हा प्रकार. पुढें सर्व बाजूंनीं काटकसर सुरू होते. हृदय मंदावतें, आंतड्याचें अस्तर पातळ होतें, पाचक रस कमी सुटतात. रोगाशीं झुंजण्याची शक्ति ओसरते, इतकी कीं जंतु शिरल्यावर ताप यावा तोहि येत नाहीं. उलट अंग थंड पडतें. पेशींतील पोटॅशियम बाहेर निघून जातें व सोडियम आंत सांठतें. अशा शरीरानें अन्नाची मागणीच बंद केलेली असते, कारण आलेलें अन्न पचविण्याचें सामर्थ्य त्याच्याजवळ उरलेलें नसतें.

कांहीं मुलें वाळत नाहींत, सुजतात. पाय, मग हात, मग तोंड. केस तांबूस व विरळ होतात, कातडी सोलवटते. १९३३ सालीं डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनीं आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट येथें या रोगाचें वर्णन केलें आणि पुढें त्यास तेथील लोकांचेंच 'क्वाशिओरकोर' हें नांव दिलें. पाठीवर दुसरें भावंड आल्यामुळें आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचें दुखणें, असा त्या शब्दाचा आशय आहे. सूज म्हणजे बाळसें नव्हे, हें मराठी घरांत म्हणीसारखें बोललें जातें. तरी अंगठ्यानें पाय दाबून खळगा पडतो कीं काय हें कोणी पाहत नाहीं.

आतां गोवंडीचें मूल खंगतें कशानें? केवळ दाणा नसतो म्हणून, असें म्हणणें सोपें आहे. प्रत्यक्षांत कारणें एकमेकांत गुंतलेलीं असतात. आई कचरा निवडण्यास, भंगार वेंचण्यास किंवा दुसऱ्याच्या घरीं धुणेंभांडीं करण्यास सकाळींच बाहेर पडते. मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीण स्वतः सात-आठ वर्षांची. चूल दिवसांतून एकदां पेटते. मधल्या वेळीं चहांत बुडविलेलें बिस्किट किंवा पाव, नाहींतर दुकानांतील पांच रुपयांची तिखट-खारट पुडी. त्यानें पोट भरल्यासारखें वाटतें, पण प्रथिन जवळजवळ नाहीं. आणि चहांतील तुरट द्रव्य अन्नांतील लोहसुद्धां अंगीं लागूं देत नाहीं. पाणी विकत किंवा दूरच्या नळाचें, त्यामुळें हात धुण्यांत काटकसर, त्यामुळें जुलाब. जुलाबांत खाल्लेलें वाहून जातें व भूकहि जाते. दोन जुलाबांच्या मधले पंधरा दिवस वजन भरून काढण्यास पुरत नाहींत. त्यांतच घरांत कोणाला क्षय असला, आणि या भागांत तो पुष्कळ घरांत असतो, तर मूल कांहीं केल्या वजन धरीत नाहीं.

शिवाय एक चूक अशी आहे कीं ती गोवंडींत होते तशीच दादर-विलेपार्ल्यासहि होते. सहा महिन्यांच्या मुलाला वरणाचें वरचें पाणी देतात. डाळ तळाशीं राहते व पिवळें पाणी मुलाच्या पोटांत जातें. मुलाचें पोट लहान. तें पाण्यानें भरलें तर दाण्याला जागा उरत नाहीं. खिमट असें दाट हवें कीं चमचा कलता केला तरी चटकन ओघळूं नये, आणि त्यांत चमचाभर तेल किंवा तूप घालावें. एका लहान चमचाभर तेलांत सुमारें ४५ उष्मांक असतात. वाटीभर पातळ पाण्यांतहि तेवढे क्वचितच मिळतात.

माती खाणाऱ्या मुलांविषयींहि येथेंच बोलणें योग्य. माती, भिंतीचा चुना, पाटीवरची पेन्सिल चघळणारीं मुलें प्रत्येक शाळेंत आढळतात, आणि त्यांच्या हातावर छडी बसल्याचा इतिहास जुना आहे. हें खाण्याचें एक विकृत वळण होय खरें. पण पुष्कळदां त्याच्या मुळाशीं रक्तांतील लोहाची उणीव असते, आणि लोह दिल्यावर तें सुटतें. छडीनें तें सुटल्याचें ऐकिवांत नाहीं. २०१९-२१ च्या पाहणींत सहा महिने ते पांच वर्षे वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६७.१ मुलें पांडुरोगी निघालीं, व १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया शेंकडा ५७.०. अशक्त आईचें मूल जन्मतःच अशक्त असतें. या बाबतींत मुंबईनें जगाला एक शोध दिला आहे, तो मुंबईकरांना फारसा ठाऊक नाहीं. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईंत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेंत बसून त्यांनीं गरीब, गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणीं होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचा अभ्यास केला. जंतु सांपडेना, दोष आहारांत आहे असें त्यांस दिसलें. शेवटीं मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्तांतला काळा अर्क, दिल्यावर त्या बायका बऱ्या झाल्या. हें १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल ठरलें. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. जगभर गरोदर स्त्रियांना देण्यांत येणाऱ्या त्या गोळीचा उगम परळचा आहे.

अन्नाची उणीव व रोग यांची गांठ किती घट्ट असते, हें गोवंडीनें २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पाहिलें. रफीकनगरांत गोवर शिरला, दोन-तीन दिवसांच्या अवधींत तीन मुलें गेलीं, आणि साथ शहरभर पसरली. पुष्कळ मुलांना लस टोचलेली नव्हती, हें पहिलें कारण. पण लस न घेतलेल्या धष्टपुष्ट मुलाला गोवर येतो तेव्हां तें बहुधा उठून बसतें. खंगलेल्या मुलाला तो न्यूमोनियापर्यंत नेतो. गोवर शरीरांतील अ जीवनसत्त्व झपाट्यानें खर्ची घालतो, आणि सांठा मुळांतच नसला तर डोळे व फुप्फुसें उघडीं पडतात. १९३२ सालीं एलिसन यांनीं लंडनच्या एका रुग्णालयांत गोवराच्या ६०० मुलांचे दोन सारखे भाग करून एका भागास या जीवनसत्त्वाचें तेल दिलें. तेल दिलेल्या तीनशें मुलांपैकीं ११ दगावलीं. न दिलेल्या तीनशेंपैकीं २६. त्यानंतर अर्धशतक हा प्रयोग जवळजवळ अडगळींत पडून होता. आतां एक वर्षावरील गोवराच्या रुग्णास दोन लाख एककांची मात्रा लागोपाठ दोन दिवस द्यावी असा दंडक आहे. गोवंडींतहि लसीच्या जोडीला ही मात्रा द्यावी लागली.

तर अशा मुलाला जेवूं घालणें ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. १९४५ च्या एप्रिलांत इंग्रज फौजांनीं जर्मनींतील बेल्सनची छावणी सोडविली. शिपायांना दया आली व त्यांनीं आपल्या शिध्यांतील डबाबंद मांस, चॉकलेट, दूध त्या सांपळ्यांच्या हातांत ठेविलें. टायफसनें माणसें मरत होतींच. कित्येक या जेवणानें मेलीं. मग डॉक्टरांनीं १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत वापरलेलें दुधाच्या भुकटीचें व साखरेचें मिश्रण आणविलें, तर तें त्या लोकांना इतकें गोड लागलें कीं पुष्कळांनीं तोंडाला लावलें नाहीं. भरल्या ताटानें मृत्यु कां येतो, याचा उलगडा पुढें झाला. उपाशी शरीरांत एकदम पिष्ट व साखर शिरली कीं इन्सुलिन उसळतें. रक्तांतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम तें पेशींमध्यें ओढून घेतें. रक्तांत त्यांचा खडखडाट होतो आणि अगोदरच दुबळें झालेलें हृदय थांबतें.

ही भीति केवळ झोंपडीपुरती नाहीं. ज्या घरांत अन्नाची ददात नाहीं तेथेंहि ती शिरते, आणि बहुधा वयांत आलेल्या मुलीच्या रूपानें शिरते. ती प्रथम भात सोडते, मग तूप, मग रात्रीचें जेवण. "मैत्रिणीकडे खाऊन आलें," असें सांगते. ढगळ कपडे घालते, उन्हाळ्यांतहि तिला थंडी वाजते, पाळी बंद होते. हाडें दिसत असतां आरशापुढें उभी राहून ती लठ्ठ असल्याची तक्रार करते. लंडनच्या विल्यम गल यांनीं १८७३-७४ च्या सुमारास या व्याधीला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हें नांव दिलें. नांव थोडें फसवें आहे. त्यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ भूक नसणें, आणि या मुलींना आरंभीं तरी भूक असते. ती दाबून टाकण्यांत त्यांचा सारा जीव खर्च होतो. दुसऱ्या प्रकारांत मुलगी चोरून पुष्कळ खाते व मागाहून ओकून टाकते; वजन ठीक दिसतें म्हणून कोणाला संशय येत नाहीं, पण दांतांचें कवच झिजतें आणि पोटॅशियम घटून हृदयाला धोका पोंचतो.

घरचीं माणसें याला हट्ट म्हणतात, कोणी फॅशन म्हणतात. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं केलेला प्रयोग अशा माणसांनीं मुद्दाम समजून घ्यावा. छत्तीस निरोगी तरुणांनीं स्वखुषीनें सहा महिने अर्धपोटीं राहण्याचें पत्करलें. त्यांचें सुमारें पाव वजन उतरलें. त्याहून नवल असें कीं हे शहाणे तरुण पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले, एकेक घांस तासभर चिवडूं लागले, चिडके व एकलकोंडे झाले. म्हणजे ज्याला मुलीचा विचित्र स्वभाव म्हणतात त्यांतील बराच भाग उपासमारीनेंच घडविलेला असतो. प्रथम वजन वाढवावें, मग समजूत पटते. उलट क्रम सहसा साधत नाहीं. आईबापांनीं रागें न भरतां, पण मागेंहि न हटतां, कांहीं काळ तिच्या जेवणाचा कारभार स्वतःच्या हातीं घ्यावा, ही लंडनकडची पद्धति आतां पुष्कळ ठिकाणीं मान्य झाली आहे. वजन फार उतरलें असल्यास मात्र घरीं भरविण्याचें धाडस नको. बेल्सनचें संकट येथेंहि दबा धरून असतें.

भरविण्याचा विषय निघालाच आहे तर घरांतील म्हाताऱ्या माणसाकडेहि पाहावें लागतें. अर्धांगवायूनें गिळण्याची क्रिया बिघडते. घरचे म्हणतात, घट्ट नको, पाणी द्या, दूध द्या. हें नेमकें उलटें आहे. पातळ पदार्थ घशांतून वेगानें उतरतो व श्वासनळींत शिरतो. सायीसारखा दाट पदार्थ सांवकाश जातो. रोग्याला ताठ बसवावें, हनुवटी किंचित् खालीं असूं द्यावी, घांस लहान द्यावा, पहिला गिळल्यावरच दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवें करूं नये. गुंगींत असलेल्या माणसाच्या तोंडांत बोंडल्यानें दूध ओतणें म्हणजे तें फुप्फुसांत ओतणें. बोंडलें एकेकाळीं प्रत्येक घरीं असे, आणि त्यानें किती तान्हीं मुलें गुदमरलीं याची मोजदाद कोणी ठेविली नाहीं.

गिळणें अगदींच अशक्य झालें तर नाकांतून जठरापर्यंत राइल्स ट्यूब घालतात. नळी जीव वाचविते. पण ती योग्य जागीं आहे हें प्रत्येक वेळीं तपासावें लागतें, आणि बळजबरीनें घातली तर ती जीव घेऊंहि शकते. १९२९ सालीं लाहोरच्या तुरुंगांत जतींद्रनाथ दास यांना अशाच बळजबरीनें भरवितांना दूध फुप्फुसांत गेलें, आणि उपोषणाच्या ६३ व्या दिवशीं, १३ सप्टेंबर रोजीं, त्यांचा अंत झाला. याच्या उलट बाजूचें चित्र परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत पाहावयास मिळालें. १९७३ च्या नोव्हेंबरांत प्राणघातक हल्ल्यांत जायबंदी झालेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनीं कुस्करलेलें अन्न वर्षानुवर्षें हातानें भरविलें. नळीची गरज मुख्यतः अखेरच्या काळांत लागली. त्यांचें अन्न थांबवावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं फेटाळला, तेव्हां त्या परिचारिकांच्या इच्छेला न्यायालयानें मोठें वजन दिलें. १८ मे २०१५ रोजीं अरुणा शानबाग निवर्तल्या. त्या निकालाविषयीं मतभेद होतील. चार दशकें एका निश्चेष्ट सखीच्या तोंडांत घांस घालण्याची चिकाटी मात्र वादाच्या पलीकडची आहे.

असो. गोवंडीचें तें मान फिरविणारें मूल अद्याप कोपऱ्यांतच बसलें आहे. अंगणवाडींतील सेविका त्याच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळते. सहा महिने ते पांच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर तें अतितीव्र कुपोषित. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं २००९ सालीं ठरवून दिली. अशा मुलाच्या मृत्यूचा संभव इतरांच्या नऊपटीहून अधिक असतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सामान्य मुलास ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिन, आणि अतिकुपोषितास ८०० उष्मांक व २० ते २५ ग्रॅम प्रथिन, असा रोजचा पूरक आहार ठरविला. पण कायद्यानें मंजूर केलेलें खिमट या मुलाला लगेच चालेलच असें नाहीं. प्रथम भुकेची परीक्षा घेतात. आईच्या मांडीवर बसवून, शांत जागीं, मोजून दिलेलें अन्न तें आपण होऊन खातें कीं नाहीं हें पाहतात. खाल्लें, आणि दुसरा कांहीं रोग नसला, तर शेंगदाणे, दुधाची भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वें व क्षार यांचा दाट लगदा देऊन त्याला घरीं ठेवूनहि बरें करतां येतें. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयानें धारावींतील आपल्या केंद्रांत असा लगदा बनविण्यास सुरुवात केली. न खाल्लें तर रुग्णालयांतील पोषण पुनर्वसन केंद्रांत खाट धरावी लागते.

तेथें पहिल्या दिवशीं मेजवानी नसते. प्रथम साखरेचें पाणी, कारण रक्तांतील साखर केव्हांहि घसरूं शकते. मग ऊब, बहुधा आईच्या उघड्या छातीशीं. अंगांत लपलेल्या जंतूंसाठीं औषध. नंतर दर दोन तासांनीं थोडेंथोडें सौम्य दूध, शंभर मिलिलिटरला ७५ उष्मांक व प्रथिन एका ग्रॅमहूनहि कमी. रात्रीं बारालाहि, दोनलाहि, चारलाहि. रात्रीचा एक फेरा चुकला तर पहाटे मूल थंड पडलेलें सांपडतें. लोह या दिवसांत मुद्दाम देत नाहींत. दुबळ्या शरीरांत तें जंतूंच्याच कामीं येतें. वाटी-चमच्यानें देऊनहि दोन-तीन वेळां लागोपाठ चार पंचमांशाहून कमी दूध गेलें तर नाकांतून बारीक नळी घालतात. पण प्रत्येक वेळीं प्रथम वाटी ओठांशीं नेतात. उरलें तेवढेंच नळीनें. आईला हें सारें अपुरें वाटतें. आपलें मूल उपाशी ठेवलें आहे असा तिचा समज होतो, आणि पदराआडून ती त्याला बिस्किट देऊं पाहते. तिच्याजवळ बसून समजावून सांगणारें माणूस वॉर्डांत असलें तरच ती टिकते. नाहींतर घरीं राहिलेल्या दोन मुलांच्या व बुडालेल्या रोजाच्या काळजीनें तिसऱ्या दिवशीं मूल उचलून निघून जाते.

टिकली, तर चौथ्या-पांचव्या दिवशीं, कधीं आठवड्यानें, मूल वाटीकडे हात करतें. वाटी काढून घेतली कीं मोठ्यानें रडूं लागतें. परिचारिका त्या रडण्याची तक्त्यावर नोंद करते, आणि मग हळूहळू दूध बदलतें: शंभर मिलिलिटरला शंभर उष्मांक, प्रथिन तिप्पट.